जुन्या बासचं सगळं श्रेय लाकडाला देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाद्यांवर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, आवडलाही, कारण मराठी पेपरात बास गिटारबद्दल चार ओळी का होईना छापून येणं हेच आमच्यासाठी मोठं आहे. पण त्यात एक वाक्य होतं की जुन्या बास गिटारचं लाकूड वर्षानुवर्षं वाळत जातं म्हणून तिचा आवाज नव्या गिटारला कधीच येत नाही, आणि तिथे मी अडकलो. लाकडाचा काहीच संबंध नाही असं माझं म्हणणं नाही, पण आवाज बदलणाऱ्या गोष्टींची यादी केली तर लाकडाचं वय फार खाली येतं, आणि त्याच्या वरच्या गोष्टी कुणी सांगतच नाही, मग पोरं भलत्याच गोष्टीवर पैसे घालवतात. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर कापा पण तारांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी मिरजेचा. १९९० पासून ऑर्केस्ट्रात बास वाजवतोय, गणपती, लग्नं, जत्रा, हॉलमधले तिकिटाचे शो, सगळं केलंय. माझ्याकडे दोन बास आहेत. एक १९८० च्या दशकातला जपानी जॅझ बास (फेंडर कंपनीच्या एका प्रसिद्ध नमुन्याचा), काका जहाजावर नोकरीला होते त्यांनी आणून दिला, चार तारा, दोन पिकअप (तारेची हालचाल पकडून विजेचा सिग्नल करणारे चुंबक), बॅटरी वगैरे काही नाही. दुसरा चार वर्षांपूर्वी घेतलेला पाच तारांचा, आत प्रीअँप (सिग्नलला ताकद देणारं छोटं सर्किट), नऊ व्होल्टची बॅटरी, बास मिडल ट्रेबल वेगवेगळे नॉब. कितीतरी लोकांनी मला सांगितलंय की दादा तो जुना वाजवता तेव्हा जास्त गोड वाटतं, लाकूड मुरलंय ना. मी पण बरीच वर्षं मान हलवत होतो.

मग गेल्या पावसाळ्यात शो नव्हते तेव्हा भाच्याला बसवला. त्याला पाठ करून बसायला लावलं, एकच अ‍ॅम्प, एकच केबल, तेच वाक्य मी दोन्ही बासवर वाजवलं, आणि कुठला कुठला ते त्याने सांगायचं. पहिल्या फेरीत एकदाही चुकला नाही. पण तेव्हा जुन्या बासवर चार वर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा होत्या आणि नव्यावर आठ दिवसांपूर्वी टाकलेल्या स्टीलच्या राऊंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या). दुसऱ्या दिवशी दोन्हीवर एकाच कंपनीच्या, एकाच गेजच्या (जाडीच्या) नव्या कोऱ्या राऊंडवाउंड तारा चढवल्या, नव्या बासचा प्रीअँप बंद करून तो पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीशिवाय, ठेवला, दोन्हीकडे फक्त नेकजवळचा (दांडीजवळचा) पिकअप उघडा ठेवला आणि परत तेच केलं. आता साहेब निम्म्या वेळा चुकायला लागले. ‘‘मामा, हा जुनाच ना?’’ म्हणून नव्याकडे बोट. फरक अगदी शून्य झाला असं नाही, कान देऊन ऐकलं तर मला स्वतःला अजूनही कळतो, पण जो फरक आधी स्टेजच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता तो आता खोलीतल्या खोलीत उरला. जुन्याचं लाकूड आदल्या दिवशी होतं तेच होतं ना, बदलल्या फक्त तारा आणि दोन नॉब.

म्हणून पहिला नंबर तारांचा. ज्याला सगळे ‘जुना आवाज’ म्हणतात तो मुळात फ्लॅटवाउंड तारांचा आवाज आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फुलर्टन म्हणून गाव आहे, तिथे लिओ फेंडर या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण त्याने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला. तोपर्यंत बँडमध्ये खर्जाचं काम तो उभा, माणसाएवढा डबल बास करायचा, ड्रमच्या आणि ट्रम्पेटच्या गोंगाटात तो ऐकूच यायचा नाही आणि न्यायला टेम्पो लागायचा. (आपल्याकडच्या जुन्या जाणत्या मंडळींना हे दुखणं चांगलं माहीत आहे.) फेंडरने दांडीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, दिले म्हणून सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. त्या काळात त्याच्यावर फ्लॅटवाउंडच तारा असायच्या, म्हणजे आतल्या तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली, बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. शिवाय ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या घोडीवर) जे स्टीलचं झाकण असायचं त्याच्या आत स्पंज किंवा फोमची पट्टी चिकटवलेली, ती तारांना टेकायची आणि आवाज पटकन मिटायचा. ठक्क, ठक्क, असा गोल आणि छोटा सूर. डबल बाससारखा आवाज निघावा हाच त्यामागचा हिशोब, कारण लोकांचे कान तेच मागत होते.

तो आवाज जगाला ज्याने ऐकवला तो बासवादक जेम्स जेमरसन. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो होता, १९६२ चा प्रिसिजन, जाडजूड ला बेला कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा, आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही हा त्याचा नियम, ब्रिजखाली फोम तसाच ठेवलेला, आणि उजव्या हाताचं एकच बोट, फक्त तर्जनी. गिटारची वायर बऱ्याचदा थेट मिक्सरच्या कन्सोलला, मधे अ‍ॅम्प पण नाही. आता बघा, ती गिटार आज जुनी आहे, पण त्याने साठच्या दशकात ती गाणी रेकॉर्ड केली तेव्हा ती दोन चार वर्षांचीच होती! लाकूड मुरायला वेळ कुठे मिळाला होता. हा एक मुद्दा जरी वाचकांनी लक्षात घेतला तरी माझं पत्र लिहिणं कामाला आलं. आपण ज्या रेकॉर्ड ऐकून ‘जुना बास काय वाजतो’ म्हणतो, त्यातले बहुतेक बास रेकॉर्डिंगच्या दिवशी नवेच होते. (जेमरसनचं नाव १९७१ पर्यंत रेकॉर्डच्या कव्हरवर सुद्धा आलं नाही, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. आपल्याकडे तेच. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवायचे, ती गाणी अख्ख्या देशाला तोंडपाठ आहेत पण वाझ हे नाव किती जणांना माहीत आहे.)

राऊंडवाउंड तारा आल्या आणि सगळं बदललं. गोल तार गुंडाळलेली, त्यामुळे बोटाला खरखर लागते, पण सूर लांब टिकतो आणि वरची सगळी चमक बाहेर येते, पियानोच्या खालच्या पट्ट्या दाबल्यासारखी. इंग्लंडमध्ये द हू बँडचा बासवादक जॉन एंटविसल होता, त्याला बास मागे घुमत राहायला नको होता, पुढे यायला हवा होता, तो १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीकडे गेला आणि त्यांच्याबरोबर बसून मनासारख्या तारा करून घेतल्या. त्यानंतर तिकडे रॉकवाले सगळे त्या वाटेला लागले, आणि अमेरिकेत लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उचकटायची जी स्लॅपची पद्धत काढली तिला तर ही चमक पाहिजेच, जुनाट फ्लॅटवाउंडवर स्लॅप म्हणजे नुसताच धप्प आवाज. आज दुकानातला नवा बास उचला, बहुतेक वेळा फॅक्टरीतून राऊंडवाउंडच चढवून येतो. म्हणजे मुलगा एका हातात नवा बास आणि कानात जेमरसन घेऊन तुलना करतो तेव्हा तो खरं तर दोन प्रकारच्या तारांची तुलना करत असतो आणि त्याला वाटतं लाकडाची चाललीय.

मिरजेच्या माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात. भोपळा तोच, दांडी तीच, तारा त्याच, घोडीचा वरचा भाग कानसेने एवढासा घासला, खाली जीवाळीचा दोरा एक केसभर सरकवला की बंद पडलेला तंबोरा बोलायला लागतो, खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, खर्जाच्या पोटातच असतो, जवारीने तो वर काढलेला असतो. तर बासच्या तारेत पण ते सगळे उपस्वर असतात, नवी राऊंडवाउंड तार ते बाहेर सोडते, फ्लॅटवाउंड ते गिळते, आणि घाम, मळ, हाताचं तेल वेढ्यांच्या फटीत बसलेली जुनी राऊंडवाउंड पण हळूहळू गिळायला लागते. आमच्याकडे नाही पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शो केले की तारा महिन्यात मरतात, मग काहीजण त्या पातेल्यात उकळतात, मळ निघतो, आठवडाभर चमक परत येते. म्हणजे एकाच गिटारचा ‘नवा’ आणि ‘जुना’ आवाज पातेलंभर पाण्याने बदलतो.

दुसरी गोष्ट पिकअप आणि तो बसवलाय कुठे. तार मधे जास्त हलते आणि ब्रिजजवळ कमी, त्यामुळे पिकअप नेककडे सरकवला की मूळ सूर भरीव येतो आणि ब्रिजकडे सरकवला की उपस्वर जास्त, आवाज टोकदार. पहिल्या प्रिसिजनला एकच साधा सिंगल कॉइल (तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असलेला) पिकअप होता, तो १९५७ मध्ये बदलला, कॉइलचे दोन तुकडे केले, जाड दोन तारांचा तुकडा नेककडे आणि बारीक दोन तारांचा ब्रिजकडे, दोन्ही उलटसुलट जोडल्यामुळे घुंई घुंई बंद झाली. तीच रचना आजपर्यंत जशीच्या तशी चालू आहे. म्हणजे आजचा साधा प्रिसिजन आणि १९६३ चा प्रिसिजन यांच्यात मुळात फरक फार थोडा आहे, हे मी छातीठोक सांगतो, तुम्ही आजच्यावर फ्लॅटवाउंड टाका, टोनचा नॉब निम्मा बंद करा, ब्रिजपाशी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खोचा आणि ऐका.

जॅझ बासची गोष्ट मात्र वेगळी. तो १९६० ला आला, दोन सिंगल कॉइल पिकअप, नटपाशी (डोक्याकडच्या टोकाला) नेक बारीक, म्हणजे प्रिसिजन पावणेदोन इंच तर हा दीड इंच, माझ्यासारख्या लहान हातवाल्यांसाठी देणगीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने याचा मागचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवला. एक सेंटिमीटर! पण ऐकून बघा, साठच्या रचनेत दोन्ही पिकअप एकत्र उघडले की आवाज उबदार, जरा गुरगुरणारा, आणि सत्तरच्या रचनेत तेच केलं की आवाज कडक, घासलेल्या पितळी भांड्यासारखा लख्ख, स्लॅपला एक नंबर. त्यात त्या काळात बॉडीला अ‍ॅश लाकूड आणि नेकवर मेपलची पट्टी जास्त यायला लागली, त्याने पण थोडा हातभार लावला असेल. अमेरिकन बासवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बास हे त्या आवाजाचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण, पण त्यात पण रॉजर सॅडोस्की या गिटार कारागिराने नंतर प्रीअँप बसवला होता हे लोक विसरतात. तर ‘जुना जॅझ बास’ म्हणजे कुठला जुना? साठचा की सत्तरचा? दोन्ही जुनेच, आणि आवाज एकमेकांच्या विरुद्ध. लाकूड पिकल्यामुळे आवाज मऊ होत असता तर सत्तरचे बास आज पन्नास वर्षांनी मऊ व्हायला हवे होते, तसं झालेलं नाही, ते अजूनही लख्खच वाजतात.

तिसरं म्हणजे आतली वायरिंग, आणि इथे खरोखर जुना आणि नवा अशी रेघ मारता येते. जुन्या बासमध्ये बॅटरी नाही. पिकअपवर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्यातून निघालेला नाजूक सिग्नल पॉटमधून (नॉबखालच्या भागातून) जातो आणि मग केबलमधून अ‍ॅम्पला. टोनचा नॉब फक्त ट्रेबल कापू शकतो, वाढवू शकत नाही. आणि केबल स्वतः ट्रेबल खाते, जितकी लांब तितकी जास्त, तिच्यात कपॅसिटन्स (वीज थोडी साठवून ठेवायचा गुण) असतो, मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरा. त्या काळात ज्या टेलिफोनच्या वायरसारख्या वेटोळ्याच्या केबल असायच्या त्या ताणल्या नाही तर दिसायला छोट्या पण आत पंचवीस तीस फूट वायर, वरचा आवाज तिथेच अर्धा गायब. गोड वाटायचं त्यातलं थोडं श्रेय त्या केबलचं आहे हे कुणाच्या ध्यानात पण येत नाही.

मग १९७६ ला म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बास आला, एक मोठा हंबकर (दोन कॉइलचा, घूं घूं न करणारा) पिकअप आणि आत बॅटरीवरचा प्रीअँप, बास आणि ट्रेबल दोन्ही वाढवता येतील असे नॉब. त्याआधी अलेंबिक कंपनीवाल्यांनी असे अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवाले) बास केले होते पण ते हाताने बनवलेले, फार महाग, स्टिंगरे कारखान्यातून बाहेर पडून साध्या बँडवाल्यांपर्यंत पोचला. आणि तो कुणी केला, तर त्याच लिओ फेंडरने आणि त्याच्या सोबत्यांनी! स्वतःची पहिली कंपनी त्याने १९६५ ला सीबीएस या अमेरिकन कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली होती. म्हणजे ज्याला आपण जुना आवाज म्हणतो तो आणि ज्याला नवा म्हणतो तो, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेलेत, आणि त्याला स्वतःला नवाच जास्त आवडत होता असं त्याची नंतरची कामं बघून मला वाटतं, तो १९९१ ला जाईपर्यंत पिकअप आणि ब्रिज सुधारतच होता. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये प्रीअँप सिग्नलला आधी ताकद देतो त्यामुळे केबल कितीही लांब असू दे चमक मरत नाही. म्हणून नवा बास ‘हाय-फाय’ वाटतो, जवळ आल्यासारखा, बोटाची नखं पण ऐकू येतात. काही जणांना हे थंड वाटतं, मला नाही वाटत, पण ज्यांना वाटतं त्यांचं मी समजू शकतो.

चौथी गोष्ट अ‍ॅम्प, आणि ही बासच्या बाहेरची असल्यामुळे हिशोबातच धरत नाहीत. जुन्या बास कॅबिनेटना (स्पीकरच्या पेट्यांना) ट्विटर, म्हणजे वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर, नसायचा. अँपेग कंपनीची १९६० ची बी-१५ घ्या, एकच पंधरा इंची स्पीकर आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. एवढा मोठा स्पीकर चार पाच हजार हर्ट्झच्या वर फार काही काढत नाही आणि व्हॉल्व्ह जोरात वाजवले की आवाजाच्या कडा घासून गोल करतात. आज कॅबिनेटमध्ये वरच्या आवाजाचा हॉर्न असतो, किंवा आमच्यासारखे तर सरळ डीआय बॉक्समधून (सिग्नल थेट मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून) साउंडवाल्याच्या मिक्सरला देतात आणि लाइन अ‍ॅरेतून (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरमधून) सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. एकदा एका जुन्या वादकाच्या घरी मी माझा नवा बास त्याच्या साठच्या दशकातल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला लावला होता, फ्लॅटवाउंड नाही फोम नाही, तरी खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटून मान डोलवली. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

आता लाकूड. वाळल्याने ते हलकं होतं, ओल कमी होते हे खरं आहे, साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत नायट्रोसेल्युलोजचा पातळ लॅकर असायचा आणि नंतर पॉलिएस्टरचा जाड थर आला हेही खरं आहे, आणि तंबोऱ्यात किंवा सतारीत, जिथे भोपळ्याची आणि तबलीची पातळ भिंतच आवाज तयार करते तिथे याचा फरक मोठा पडणार. पण बासची बॉडी म्हणजे पावणेदोन इंच जाडीचा भरीव ठोकळा आहे, त्यात पोकळी नाही, आणि पिकअप लोहचुंबकाचा आहे, त्याला हवेतला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त स्टीलच्या तारेची हालचाल कळते. लाकूड तारेची थोडी ऊर्जा कुठल्या सुराला जास्त खातं कुठल्या सुराला कमी, एवढाच त्याचा हात. त्याने एखादा सूर दांडीवर मेल्यासारखा होतो, बऱ्याच बासवर ‘जी’ (G) या तारेच्या पाचव्या सातव्या फ्रेटच्या आसपास असं होतं, नवा असो जुना असो. म्हणून तर कार्बन फायबरच्या नेक आल्या, मोड्युलस कंपनीने केल्या, स्टाइनबर्गर कंपनीने तर १९८० च्या सुमारास डोकं नसलेला आख्खा बासच त्याचा केला, तिथे मेलेला सूर जवळपास नाही, पण काहींना तो फार सपाट वाटतो.

एक गोष्ट अजून, जी लेखात यायला हवी होती. साठच्या दशकातले सगळेच बास भारी नव्हते. हाताने पिकअप गुंडाळायचे, वेढे कमी जास्त व्हायचे, पॉट आणि कपॅसिटर वीस टक्के इकडे तिकडे असायचे, त्यामुळे एकाच महिन्यात बनलेले दोन बास वेगळे वाजायचे. त्यातले जे चांगले वाजले ते लोकांनी जपले, स्टुडिओत नेले, मुलांना दिले, आणि जे बेकार होते ते मोडले, रंगवले, भंगारात गेले. आज जो साठ वर्षं जुना बास समोर येतो तो साठ वर्षं गाळून उरलेला असतो. आजचे कारखान्यातले शंभर बास काढले तर त्यातही चार असे निघतील, फक्त ते कुठले हे अजून काळाने सांगितलेलं नाही. मधल्या किमतीचे जे आज इंडोनेशिया, चीन, कोरियात बनतात त्यातले काही मी दुकानात बसून तास तास वाजवलेत, फ्रेटचं काम सत्तरच्या कित्येक अमेरिकन बासपेक्षा साफ असतं, त्या काळातल्या तीन स्क्रूवाल्या नेक हलायच्या हे मी स्वतः एका मित्राच्या बासवर बघितलंय.

आणि नव्याची बाजू घ्यायची तर ती पाचवी तार. खालचा ‘बी’ सूर ३१ हर्ट्झचा आहे, चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा ‘ई’ सूर ४१ हर्ट्झचा. आताच्या गाण्यांमध्ये सिंथचा बास इतका खाली जातो की चार तारांवर ते वाजतच नाही, मग गायिकेने पट्टी दोन सूर खाली घेतली की माझी पंचाईत. नवा बास नसता तर गेल्या चार वर्षांतले निम्मे शो मी नीट वाजवू शकलो नसतो. गणपतीत जनरेटर, हॅलोजन, एलईडीची पॅनल सगळं एकाच लाइनवर असतं तेव्हा जुन्या जॅझ बासचा एकच पिकअप उघडला की अख्ख्या मंडपात घूं घूं, नव्याचे पिकअप गप्प बसतात. पण जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला की मी काकांचा जपानीच काढतो, फ्लॅटवाउंड चढवून, कारण ती गाणी त्या आवाजातच जन्मली आणि तबला ढोलकच्या मधे तो आवाज असा बसतो की गायकाला जागा राहते. या बाबतीत माझं मन अगदी स्पष्ट आहे.

हे सगळं एवढ्या तळमळीने लिहायचं कारण म्हणजे भाच्याच्या कॉलेजमधला एक मुलगा. त्याला एका विक्रेत्याने एक जुना बास दाखवला, बॉडीचा रंग उडालेला, ‘लाकूड मुरलंय, असा आवाज परत होणार नाही’ म्हणून तीन लाख सांगितले. मुलाचे वडील शेती करतात, पैसे सोसायटीतून काढायचं ठरत होतं. आम्ही बघायला गेलो, मी मागचं झाकण उघडून बघितलं तर पिकअप नंतरचे, पॉट नंतरचे, फ्रेट नवे घातलेले, नेक एका सालची आणि बॉडी भलत्याच सालची. आवाज छान होता यात वाद नाही, कारण त्याच्यावर जुन्या फ्लॅटवाउंड होत्या आणि तो एका गोड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला लावून ठेवला होता. मी मुलाला म्हटलं तुझा स्वतःचा बास घेऊन ये, दुसऱ्या दिवशी त्याच्या चौदा हजाराच्या बासवर फ्लॅटवाउंड टाकल्या, पिकअपची उंची स्क्रूने जरा खाली घेतली, ब्रिजपाशी फोम ठेवला. तो वाजवत होता आणि त्याचा चेहराच बदलत गेला. तारांचे साडेतीन हजार गेले, बाकी वडिलांचे पैसे वाचले.

म्हणून पुरवणीवाल्यांना एवढीच विनंती की पुन्हा कधी वादकाची मुलाखत घेतलीत तर वाद्य किती सालचं आहे एवढ्यावर थांबू नका, तारा कुठल्या आहेत, शेवटच्या कधी बदलल्या, कुठला पिकअप उघडा ठेवता, बोटाने वाजवता की पिकने, ब्रिजजवळ की नेकजवळ, हे पण विचारा आणि छापा, नव्या पोरांना त्याचा थेट उपयोग आहे.

आणि आपल्या भागात, मुंबईत, गोव्यात कितीतरी घरांमध्ये जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे बास माळ्यावर पडून आहेत, वडील गेले, मुलं वाजवत नाहीत. त्यांना सांगायचंय की तो रंगवून घेऊ नका आणि आतलं काही बदललं तर निघालेला प्रत्येक पॉट, स्क्रू, पिकअप पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. तारा पूर्ण काढून टाकू नका, नेक उलटी वाकते, नुसत्या थोड्या सैल करा. वर्षातून एकदा तरी, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, केस उघडून हवा लागू द्या. आणि बॅटरीवाला बास असेल तर आजच मागचं झाकण उघडून बॅटरी काढा, ती फुटून आतलं सर्किट खाते, मी असे दोन चांगले बास वाया गेलेले बघितलेत.

आपला,
बास वाजवणारा एक वाचक, मिरज